फुसका बार आणि पितळेवरची खूण

दाजींनी दारातच निकाल देऊन टाकला. "स्प्रिंग गेली रे हिची. कुणी चांगला कारागीर असेल तर बघ."

'ही' म्हणजे त्यांच्या वडिलांची पॉइंट २२ बोअरची, म्हणजे साधारण ०.२२ इंच व्यासाच्या नळीची, लिव्हर रायफल. अमेरिकन बनावटीची, वयाने माझ्याहून मोठी. मुरबाडच्या घरातून वारसाहक्काने, परवान्याचे सगळे सोपस्कार होऊन, ती आता ठाण्यात पाचपाखाडीला दाजींच्या कुलूपबंद कपाटात आली आहे. निवृत्तीनंतर दाजी रायफल क्लबचे सभासद झाले. १९५९च्या शस्त्र कायद्यातल्या परवान्याच्या कलमात क्लबच्या सभासदाने निशाणेबाजीच्या सरावासाठी वापरायचं हत्यार म्हणून पॉइंट २२ रायफलीचा मुद्दाम उल्लेख आहे, हे ते भेटेल त्याला सांगतात. तर त्या रविवारी रेंजवर त्यांनी ५० गोळ्या नेल्या आणि त्यातल्या ७ उडाल्याच नाहीत. चाप ओढला, घोडा पडला, 'खट्' झालं आणि पुढे शांतता.

(घोडा म्हणजे हॅमर आणि चाप म्हणजे ट्रिगर, या अर्थाने मी हे शब्द वापरतोय. बरेच जण ट्रिगरलाच घोडा म्हणतात आणि मग दुरुस्तीच्या गप्पांत सगळा गोंधळ होतो.)

माझी सगळी नोकरी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये गेली. तिथे पहिल्याच आठवड्यात फोरमनने कानात भरलं होतं, की मशीनला शिव्या घालण्याआधी बिघडलेला जॉब हातात घेऊन बघ, काय झालंय ते त्याच्यावर लिहिलेलं असतं. म्हणून मी म्हणालो, "दाजी, रायफल राहू द्या बाजूला. न उडालेल्या त्या ७ गोळ्या कुठायत?"

"रेंजवर जमा केल्या. त्या काय करायच्यात?"

जमा केल्या ते नियमाला धरूनच झालं, पण पुरावा गेला. पुढच्या रविवारी मी भिंग खिशात टाकून त्यांच्याबरोबर रेंजवर गेलो. तिथे काय दिसलं ते सांगण्याआधी या काडतुसाची (बोलताना आपण अख्ख्यालाच गोळी म्हणतो, त्याची) रचना समजून घ्यायला हवी. ती कळली की बिघाडाचं अर्धं गणित सुटतं.

करंजीच्या मुरडीत सारण

मोठ्या बोअरच्या काडतुसाचं बूड पाहिलंत तर मधोमध एक छोटी गोल टोपी बसवलेली दिसते. तिला प्रायमर म्हणतात. तिच्यावर रायफलीतली पिन आपटली की ठिणगी पडते, आतली बारूद पेटते. पॉइंट २२च्या काडतुसाला ही टोपी नसते. त्याचं बूड सपाट असतं आणि कडा बाहेर आलेली असते. ही कडा म्हणजे पितळेच्या पातळ पत्र्याची पोकळ घडी, आणि ठिणगी देणारा मसाला त्या घडीच्या आत असतो. सारण करंजीच्या पोटात न भरता नुसतं मुरडीत भरलं तर जसं होईल, तसं. म्हणून या जातीला रिमफायर म्हणतात. पिनचा ठोका मधोमध पडून उपयोग नाही, तो कडेवरच पडावा लागतो.

कारखान्यात हा मसाला ओला असताना चिमूटभर तळाशी ठेवतात आणि गरागरा फिरवून कडेच्या घडीत पसरवतात. मग तो वाळवतात आणि वर बारूद आणि शिशाची गोळी येते. मसाल्यात काचेची बारीक पूडही असते, ठोका बसला की कण एकमेकांवर घासून पेट घ्यावा म्हणून. पसरवण्याच्या या कामात थोडं जरी कमीजास्त झालं तरी कडेच्या एखाद्या भागात मसाला विरळ राहतो, क्वचित राहतच नाही. नेमक्या त्याच भागावर पिन पडली तर रायफल कितीही चोख असली तरी बार फुसका.

ही उणीव आजची नाही. फ्रान्समध्ये फ्लोबेर या बंदूक कारागिराने १८४५ च्या सुमारास या जातीचं काडतूस काढलं, १८५७ मध्ये स्मिथ अँड वेसनने त्यातून पॉइंट २२ शॉर्ट बाजारात आणलं. त्यानंतर १८६०ची हेन्री रायफल आली. लिव्हर रायफलींच्या घराण्याची ही जुनी आजीच, आणि तीही पॉइंट ४४ बोअरच्या रिमफायर काडतुसावर चालायची. तिच्या फायरिंग पिनला दोन टोकं होती. एकाच वेळी कडेवर समोरासमोर दोन ठोके बसायचे. एका बाजूला मसाला नसला तर दुसऱ्या बाजूला सापडेल, असा हिशेब. आपल्या काडतुसावर पूर्ण भरवसा ठेवू नये हे त्या कारागिराला तेव्हाच कळलं होतं, याचं मला फार कौतुक वाटतं.

मग मोठ्या बोअरमधून रिमफायर गेलं आणि पॉइंट २२ मध्ये टिकलं, असं का? पिनने चेपता यावी म्हणून कडा पातळ ठेवावी लागते, आणि पातळ पत्रा जास्त दाब सोसत नाही. आज चालतं ते पॉइंट २२ लाँग रायफल काडतूस १८८७ चं आहे. त्याच्या दाबाची अमेरिकी मानकातली कमाल मर्यादा दर चौरस इंचाला २४,००० पौंड आहे, मोठ्या शिकारी रायफलींच्या मानाने निम्म्याहूनही कमी. पण सरावाला एवढं पुरतं, खर्च कमी येतो आणि खांद्याला धक्का जवळपास नसतो. २०२४ ला पॅरिसमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्निल कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझ जिंकलं, ते याच काडतुसाच्या स्पर्धेत.

पगारातून कापाकापी

आता रायफलीकडे वळू. लिव्हर रायफलीत चापाभोवतीची कडी खाली-पुढे ढकलली की बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता ठोकळा, मागे सरकतो, रिकामं काडतूस बाहेर पडतं, जाता जाता बोल्ट घोडा चढवून ठेवतो. कडी परत ओढली की नळीखालच्या नळकांड्यातून आलेली पुढची गोळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या घरात, ढकलली जाते. चाप ओढला की घोडा पडतो, बोल्टमधल्या पिनच्या शेपटीवर आपटतो, आणि पिन पुढे जाऊन कडा चेपते.

यात जोर लावणारी गोष्ट एकच आहे, घोड्यामागची स्प्रिंग. तिने दिलेला जोर म्हणजे कागदावरचा पगार समजा. कडेपर्यंत पोचतो तो हातात येणारा पगार, आणि मधे कापाकापी बरीच होते. घोडा बाजूच्या भिंतीला घासला, काही गेला. पिनच्या भोकात चिकट मळ साठलाय, काही तिथे गेला. गोळी चेंबरमध्ये पूर्ण बसलेली नाही, मग ठोक्याचा पहिला भाग तिला पुढे ढकलण्यातच संपला. कडी पुरती मिटलेली नाही, म्हणून बोल्ट किंचित मागे आहे, तिथेही गेला. पगार कमी पडला की दाजी म्हणतात कंपनीने पगार कमी केला, म्हणजे स्प्रिंग गेली. शंभरातल्या बऱ्याच वेळा कंपनीने पूर्ण पगार दिलेला असतो, मधल्या मधे कापला गेलेला असतो.

स्प्रिंग कधीच जात नाही असं नाही. जुनी स्प्रिंग थकते. त्याहून जास्त वेळा आधीच्या कुणा शहाण्याने 'ट्रिगर हलका करून देतो' म्हणत तिचे दोन वेढे कापलेले असतात. पण ती तपासायची पाळी शेवटी येते. आधी पितळ वाचायचं.

थांबा, मग उघडा

दिवाळीत सुतळी बॉम्ब पेटवला, वात संपली आणि बार झाला नाही, तर त्याच्याजवळ जायचं नाही हे आपल्याकडे पोरालाही माहीत असतं. इथेही तेच. 'खट्' झालं आणि बार झाला नाही की रायफल जशी आहे तशीच, नळी निशाणाकडे ठेवून थांबायचं. मसाला उशिराने पेट घेऊ शकतो. निदान ३० सेकंद, आणि तुमच्या रेंजचा नियम जास्त वेळ सांगत असेल तर तेवढा. मग रेंज अधिकाऱ्याला हात करून, नळी तशीच समोर ठेवून कडी उघडायची. चेंबरच्या मागे तोंड नेऊन डोकावायचं नाही.

आणि 'खट्'पेक्षा वेगळा, फुस्स असा दबका आवाज आला तर गोष्ट गंभीर आहे. मसाला पेटला पण बारूद नीट पेटली नाही, शिशाची गोळी नळीत अडकलेली असू शकते. तिच्यामागे दुसरी झाडली तर नळी फुगते किंवा फाटते. तिथे सराव थांबला. रायफल रिकामी करून नळी आरपार मोकळी आहे का ते बघितल्याशिवाय पुढे काही नाही.

नळकांड्याच्या मॅगझिनचा एक धोका लक्षात ठेवा. कडी एकदा उघडून काडतूस पडलं म्हणजे रायफल रिकामी झाली असं नसतं. आतल्या नळीतली एखादी गोळी मळाने अडकून राहते आणि दोन-तीन वेळा कडी मारल्यावर अवचित येते. मॅगझिनची आतली नळी पूर्ण बाहेर काढायची, कडी उघडून बोटाने चेंबर चाचपायचं, मगच ती रिकामी म्हणायची.

भिंगाखाली काय दिसतं

त्या रविवारी आम्ही एक-एक गोळी भरत गेलो. ३० झाडल्या, ५ उडाल्या नाहीत. प्रत्येक वेळी थांबून, काढून, मी ती भिंगाखाली धरली आणि शेजारी नीट उडालेल्या गोळीचं रिकामं पितळ ठेवलं. तुलनेला चांगला नमुना हवाच. नुसती खूण बघून ती खोल की उथळ हे माझ्या टूलरूमच्या डोळ्यालाही ठरवता येत नाही.

खूण स्पष्ट, खोल, अगदी कडेवर, उडालेल्या गोळीवर आहे तशीच, आणि तरी बार नाही, असं असेल तर रायफलीने तिचं काम केलंय. दोष काडतुसाचा. पडताळा सोपा आहे. तीच गोळी अशी फिरवून भरायची की दुसरा ठोका समोरच्या बाजूला पडेल, आणि पुन्हा झाडून बघायची. पुष्कळ लिव्हर रायफलींत बोट चेंबरपर्यंत पोचत नाही, तेव्हा तीच गोळी नुसती परत भरायची आणि दुसरी खूण कुठे पडली ते नंतर पाहायचं. वेगळ्या जागी ठोका बसून उडाली तर पहिल्या जागी मसाला नव्हता, हे उघड झालं. या खेपा रेंजवरच करायच्या, आणि दोन ठोक्यांनंतरही न उडालेली गोळी तिथेच जमा करायची. घरच्या कचऱ्याच्या डब्यात तिचं काम नाही.

खूण उथळ, नुसती बोट ओढल्यासारखी, अशी असेल तर पगार कापला जातोय. कुठे, ते शोधायचं.

खूण खोल आहे पण कडेपासून आत, मध्याच्या दिशेला सरकलेली, असं दिसलं तर पिन भलतीकडे पडतेय. मसाला कडेत आहे, ठोका आतल्या रिकाम्या पत्र्यावर. पिन वाकली असेल, चुकीची बसवली असेल किंवा बोल्ट आपल्या जागी नीट उभा राहत नसेल. काही लिव्हर रायफली मधल्या एका मोठ्या स्क्रूवर दोन तुकड्यांत सुट्या होतात, प्रवासाला सोयीच्या म्हणून. तो स्क्रू सैल राहिला की दोन्ही तुकड्यांत बारीक फट पडते, नळी आणि बोल्टचं जुळणं बिघडतं, आणि माणूस स्प्रिंग बदलत बसतो. फुकटचा इलाज आहे, म्हणून तो आधी बघावा.

खूणच नाही, असं कधी झालं तर पिनचं टोक तुटलंय, किंवा ती मागे अडकून बसलीये, किंवा घोडा पिनपर्यंत पोचतच नाही. तिथे घरगुती शहाणपण संपलं.

आमच्या ५ गोळ्यांतल्या ४ वर खूण उथळ होती. पाचवीवर चांगली खोल. म्हणजे एका तक्रारीत दोन आजार मिसळले होते. असं फार वेळा असतं, आणि म्हणूनच 'गोळ्या बदलल्या, तरीही होतंय' किंवा 'साफ केली, तरीही होतंय' असं म्हणून लोक हताश होतात. त्यांनी अर्धा आजार बरा केलेला असतो.

त्या उथळ खुणांच्या चारही गोळ्या पुन्हा भरल्या. चारही दुसऱ्या ठोक्याला उडाल्या. दाजी खूश झाले. "बघ, दुसऱ्यांदा उडतात म्हणजे काडतुसं चांगली आहेत. स्प्रिंगच."

काडतुसं चांगली, हे खरं. पण स्प्रिंग कमकुवत असती तर दुसरा ठोकाही तेवढाच कमकुवत पडला असता, आणि एक-दोन तरी पुन्हा अडल्या असत्या. पहिल्या ठोक्याला अडायचं आणि दुसऱ्याला बिनबोभाट उडायचं, याचा माझ्या अनुभवातला पहिला संशयित चेंबर. गोळी पुरती आत बसलेली नसते. पहिला ठोका तिला पुढे ठोकून बसवण्यात खर्च होतो, दुसऱ्याला ती टेकलेली असते, कडा चेपली जाते.

कार्बनची बांगडी

गोळी पुरती का बसत नव्हती, याचं उत्तर दाजींच्या वडिलांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात होतं. त्यात लाँग रायफलबरोबर पॉइंट २२ शॉर्टची काही रिकामी पितळं होती. या जातीच्या कितीतरी लिव्हर रायफली दोन्ही चालवतात, त्यात गैर काही नाही. पण शॉर्टचं पितळ १०.७ मिलिमीटर लांब, लाँग रायफलचं १५.६. शॉर्ट झाडली की तिच्या तोंडापुढच्या चेंबरच्या भिंतीवर काजळी, शिसं आणि गोळीवरचं मेण यांचा थर बसत जातो. वर्षानुवर्षांत त्याची टणक बांगडी तयार होते. मग लांब पितळ घातलं की ते त्या बांगडीत अडकतं, कडा चेंबरच्या काठाला टेकत नाही, जेमतेम केसभर मागे राहते. कडेची जाडी मुळात १.१ मिलिमीटरच्या आसपास. तिथे केसभर म्हणजे पुष्कळ.

आम्ही रायफल रिकामी केली, तिघांनी तीनदा तपासली (रेंज अधिकारीही होते), आणि कडी उघडी ठेवून विजेरीने आत पाहिलं. मधोमध करडी बांगडी दिसत होती. दाजींना दाखवली तर म्हणाले, "मी तर दर महिन्याला तेल लावतो!"

तेल हेच पुढचं प्रकरण. ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, वर खाडीची खारट दमट हवा. पावसाळ्यात कपाटातल्या चामडी चपलांना बुरशी येते, तिथे लोखंडाची काय कथा. त्यामुळे आपल्याकडचे परवानाधारक गंजाच्या धास्तीने तेल लावतात, आणि बहुतेक जण जास्त लावतात. दाजी तर शिलाई मशीनचं तेल बोल्टच्या मागून सोडायचे, 'आत झिरपू दे' म्हणून. झिरपलं की! पिनच्या भोकात जाऊन बसलं, त्यात बारुदीची काजळी मिसळली, आणि वाटीच्या तळाशी थंडीत गोठलेल्या खोबरेल तेलासारखा लगदा झाला. पिन त्यात पोहत होती. बाहेरच्या पृष्ठभागावर तेलाचा पातळ हात ठीक आहे. पिनच्या भोकात जवळपास कोरडं हवं आणि चेंबर झाडण्याआधी कोरडा पुसायचा. ओला चेंबर पितळेला धरून ठेवत नाही आणि बोल्टवर जास्त भार टाकतो.

तेलाचा दुसरा बळी काडतूस. पातळ, झिरपणारं तेल फवारलेल्या कपाटातच उघडी काडतुसं ठेवली तर ते गोळीच्या आणि पितळेच्या सांध्यातून आत शिरून मसाला मारू शकतं. काडतुसं वेगळ्या, घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावीत. बुटांच्या खोक्यात येणाऱ्या त्या पुड्या फेकायच्या नाहीत, हा माझा घरातला एकमेव हुकूम, आणि तोही पाळला जात नाही.

साफसफाई आम्ही घरी केली, दार लावून, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून. चेंबरला सॉल्व्हंट लावून वेळ दिला, मग पितळी ब्रश हळूहळू फिरवला. एनसीसीत असलेल्यांना पुल-थ्रू (नळीतून ओढायची दोरी) आणि चिंधी आठवत असेल. नळीला ते पुरतं, पण ही बांगडी चिंधीने निघत नाही, ब्रशच लागतो. स्टीलचा ब्रश किंवा स्क्रू-ड्रायव्हरचं टोक अजिबात नको. चेंबरच्या काठावर एक ओरखडा पडला तर गोळी आणखीच अडकते. बोल्ट या रायफलीच्या पुस्तिकेत सांगितलंय तेवढाच, सफाईपुरता बाहेर काढला आणि पिनचं भोक सॉल्व्हंटने धुऊन कोरडं केलं. निघालेला काळा लगदा बहिणीने पाहिला आणि आम्हा दोघांना गॅलरीत हाकललं.

तिथे आणखी एक खूण सापडली. चेंबरच्या काठावर, बरोबर पिन पडते त्या जागी, बारीक खळगा. रिकाम्या रायफलीचा चाप ओढून ओढून झालेला. चांगल्या रिमफायर रायफलीत पिन चेंबरच्या काठाला टेकायच्या किंचित आधी थांबते, पण सगळ्यांत थांबतेच असं नाही, जुन्यांत तर नक्कीच भरवसा नको. रिकामं झाडलं की पिन थेट चेंबरच्या पोलादावर आपटते. काठ चेपला जातो, पिनचं टोक बोथट होतं. खळगा मोठा झाला की कडेला पुढून आधार राहत नाही, ठोक्याखाली ती नुसती वाकते, चेपली जात नाही. ऐरणीखाली गादी ठेवली तर खिळा सरळ होईल का?

"दाजी, रिकामं कोण झाडतं?"

"मी नाही," ते म्हणाले आणि नातवाकडे बघू लागले. नातवाला कपाटाची किल्ली कुठे असते हेही माहीत नाही. दाजींनी मग कबूल केलं की बातम्या बघताना 'जरा सराव' होतो. आता सरावाला ते उडालेलं रिकामं पितळ चेंबरमध्ये ठेवतात आणि दर दोन ठोक्यांनी थोडं फिरवतात. अमेरिकेत काही नेमबाज भिंतीत स्क्रूसाठी ठोकायच्या प्लास्टिकच्या गिट्ट्या याच कामाला वापरतात. मला पितळ बरं वाटतं. शिवाय न चेपलेल्या जागी ताजा ठोका पडला की तो बघून पिनची तब्येतही कळते.

आमचा खळगा लहान होता, पण तो घासून सारखा करायचा मोह मी टाळला. हातात फाइल धरायची चाळीस वर्षांची सवय आहे, तरी टाळला. शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे दुरुस्तीचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही, आणि पिन बदलणं, काठ उठवणं, स्प्रिंग बसवणं ही परवानाधारक बंदूक कारागिराचीच कामं. त्याच्याकडे खास साधनं असतात, चेंबरचा चेपलेला काठ उठवण्याचं अवजार असतं, आणि बिघडलं तर जबाबदारीही असते. आमच्या वाट्याला सफाई आणि वाचन.

कडी सुटायची खोड

पुढच्या रविवारी पुन्हा ३० गोळ्या. २ अडल्या. एकीवर खोल खूण, आणि दुसरी उथळ. उथळ? मी चक्रावलो. चेंबर लख्ख होता, पिन मोकळी होती. मग मी निशाणाकडे न बघता दाजींच्या हाताकडे बघत बसलो.

चाप ओढण्याआधी दाजी श्वास सोडतात आणि त्याबरोबर कडीत गुंतवलेली तीन बोटं सैल पडतात. कडी स्वतःच्या वजनाने दोन-तीन मिलिमीटर खाली यायची. काही रायफलींत एवढी उघडी कडी असली तर चाप चालतच नाही, सोयच तशी केलेली असते. पण जुनी, झिजलेली रायफल असेल तर घोडा पडतो, आणि त्याच्या जोरातला बराच भाग बोल्ट पुढे बसवण्यात खर्च होतो. उपाय म्हणजे कडीभोवतीची बोटं चाप ओढेपर्यंत घट्ट. दाजींना हे पटायला चार गोळ्या लागल्या आणि सवय व्हायला बहुधा दिवाळी उजाडेल.

घोड्याच्या बाजूला घासल्याची चमकदार रेघ दिसते का तेही मी पाहिलं होतं, ती नव्हती. असती तर तीही कापाकापीच.

राहिली खोल खुणेची गोळी, आणि आधीच्या रविवारचीही तशीच एक. दोन्ही एकाच खोक्यातल्या. दाजींकडे काडतुसांची दोन वेगवेगळी खोकी होती, आणि रायफलीचं दुखणं संपल्यावर आता त्यांची तुलना करायला अर्थ होता. एका खोक्यातल्या २५, दुसऱ्यातल्या २५, आलटून पालटून. जुन्यातल्या २ अडल्या, नव्यातली एकही नाही. पन्नास गोळ्यांवरून काडतुसाच्या कारखान्यावर आरोप करू नये, पण या खोक्याबद्दल एवढं पुरे. मोठे नेमबाज स्पर्धेआधी एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या लॉटची काडतुसं आपल्या रायफलीत झाडून बघतात आणि जमलेला लॉट साठवून ठेवतात. आपल्याकडे परवान्यावर काडतुसांची मर्यादा असते, त्यामुळे एवढी चैन नाही. पण खोक्यावरचा लॉट क्रमांक वहीत लिहायला काय जातं?

दाजींनी वही घातली आहे. तारीख, लॉट, किती झाडल्या, किती अडल्या, खूण खोल की उथळ. शेवटचा एक रकाना त्यांनी स्वतःच्या मनाने आखलाय, 'बोटं सैल?' असा. मागच्या पानावर कारागिराकडे नेल्याची नोंदही आहे. त्याने काठ उठवून दिला, पिन बदलली, आणि स्प्रिंग तपासून जशी होती तशीच परत बसवली.

"स्प्रिंगचे पैसे घेतले नाहीत त्याने," दाजी थोडे हिरमुसून म्हणाले.